पाणी जड आहे की दूषित?

"सहा महिन्यांत दुसरा रॉड जळाला. नवीन आणला तर त्यावरही पांढरा थर धरायला लागलाय. असलं पाणी पोटात जाऊन काय करत असेल?" असे एका ताईंनी विचारले. त्यांच्या गल्लीत नळाला पाणी कमी येते, म्हणून वापरायला बोअरचे पाणी घेतात. साबणाला फेस येत नाही, केस राठ होतात, डाळ तीन शिट्ट्यांत शिजत नाही, मशीनमध्ये धुतलेले कपडे पुठ्ठ्यासारखे कडक होतात. शेजारच्या वहिनींनी तर या धास्तीने हप्त्यावर आरओ मशीन घेतले.

ताईंच्या एका वाक्यात खरे तर दोन प्रश्न आहेत. पाणी जड आहे का, हा पहिला. पाणी दूषित आहे का, हा दुसरा. पहिल्याचा फटका खिशाला आणि उपकरणांना बसतो. दुसऱ्याचा फटका जिवाला बसतो. हे दोन्ही एकच समजले की पैसा पहिल्यावर जातो आणि आजार दुसऱ्यातून येतो. म्हणून या वेळी आरोग्य पानावर हे दोन्ही प्रश्न वेगळे करून पाहू.

जड पाणी म्हणजे काय?

शाळेच्या पुस्तकात याला कठीण किंवा दुष्फेन पाणी म्हणतात. ज्यात साबणाचा फेस सहज होतो ते सुफेन आणि होत नाही ते दुष्फेन. पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम या दोन खनिजांचे क्षार विरघळलेले असले की पाणी जड होते. हे क्षार डोळ्यांना दिसत नाहीत. काचेसारखे स्वच्छ दिसणारे पाणी अतिशय जड असू शकते आणि गढूळ दिसणारे पाणी हलके असू शकते.

क्षार येतात जमिनीतून. पावसाचे पाणी मुळात हलके असते. आपल्या जिल्ह्याच्या पश्चिमेला, गगनबावडा-राधानगरीकडे, सह्याद्रीवर धो धो पाऊस पडतो. ते पाणी डोंगरावरून भराभर वाहून ओढ्या-नद्यांत आणि धरणांत येते. खडकाशी त्याचा संबंध थोडाच वेळ येतो, म्हणून त्यात क्षार कमी उतरतात. कोल्हापूर शहराला शिंगणापूर, बालिंगा या जुन्या उपसा केंद्रांवरून मिळणारे नदीचे पाणी आणि २०२३ च्या दिवाळीत थेट पाईपलाईनने शहरात आलेले काळम्मावाडी धरणाचे पाणी हे अशाच डोंगरी पावसाचे पाणी आहे. त्यामुळे ते बोअरच्या मानाने बरेच हलके असते.

बोअरच्या पाण्याचे तसे नसते. ते काळ्या खडकाच्या भेगांत वर्षानुवर्षे मुरलेले असते. जेवढा मुक्काम जास्त, तेवढे क्षार जास्त. जिल्ह्याच्या पूर्वेला, शिरोळ-हातकणंगलेकडे, उसाला वर्षानुवर्षे भरमसाट पाणी देऊन जमिनी क्षारपड झाल्या आहेत. तिकडच्या पाहुण्यांकडे गेल्यावर अनेक ठिकाणी विहिरीचे पाणी मचूळ लागते, त्यामागे हेच कारण असते. म्हणजे "कोल्हापूरचे पाणी जड" असे सरसकट म्हणता येत नाही. एकाच गल्लीत नळाचे पाणी हलके आणि दहा पावलांवरच्या बोअरचे पाणी जड असू शकते. टँकर आला तर तो कुठे भरला, यावर ते अवलंबून असते.

घरच्या घरी ओळखा

झाकणाच्या तीन सारख्या बाटल्या घ्या. एकीत पावसाचे पाणी, दुसरीत नळाचे आणि तिसरीत बोअरचे, तिन्ही सारख्या पातळीपर्यंत भरा. पाऊस नसेल तर दोनच बाटल्या घ्या. प्रत्येकीत आंघोळीच्या साबणाचा सारखाच लहानसा कीस टाका. धुण्याची पावडर नको, कारण ती जड पाण्यातही फेस करते. झाकण लावून प्रत्येक बाटली वीस वेळा हलवा. पावसाच्या पाण्यात भरपूर फेस येईल. जड पाण्यात फेस कमी आणि वर दह्यासारखा पांढरा चोथा दिसेल. साबण कॅल्शियमला चिकटून तो चोथा होतो. तोच चोथा बादलीच्या कडेला, कपड्यात आणि अंगावर बसतो. साबण लवकर संपतो तो यामुळेच.

अचूक आकडा प्रयोगशाळा देते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात एकूण कठीणपणा लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेता येतो. हे मानक २०१२ चे आहे.

थोडा हिशेब करू. समजा बोअरच्या पाण्याचा कठीणपणा लिटरमागे ३०० मिलिग्रॅम आहे आणि घरात रोज ३० लिटर पाणी तापवले जाते. म्हणजे रोज ९ ग्रॅम आणि महिन्याला २७० ग्रॅम क्षार त्या पाण्यातून जातात. त्यातला दहावा भाग जरी रॉडला चिकटला तरी महिन्याला २७ ग्रॅम दगड त्यावर चढतो. पाण्याचा कठीणपणा ५० असेल तर हाच आकडा साडेचार ग्रॅमवर येतो.

तापल्यावर दगड का होतो?

जड पाण्यातले काही क्षार पाणी गार असेपर्यंत विरघळलेले राहतात. पाणी तापले की त्यातला वायू निघून जातो आणि चुनखडीसारखा पांढरा पदार्थ खाली बसतो. जिथे उष्णता सर्वांत जास्त, तिथे तो आधी धरतो. म्हणून गार पाण्याच्या माठापेक्षा रॉड, बंब, गीझर आणि कुकर यांना जड पाण्याचा त्रास अधिक होतो.

रॉड : थर उष्णता नीट जाऊ देत नाही. आतली तार तापतच राहते, पण ती उष्णता बाहेर पाण्यात लवकर उतरत नाही. रॉड आतून प्रमाणाबाहेर तापतो आणि शेवटी जळतो. खरा धोका त्याच्या आधीचा आहे. जास्त तापून रॉडच्या नळीला तडा गेला तर आत पाणी शिरते आणि करंट बादलीतल्या पाण्यात उतरू शकतो. आपल्या अनेक घरांत अर्थिंग धड नसते. अशा घरात ही गोष्ट रॉडच्या किमतीपुरती राहत नाही.

बंब : तांब्याच्या बंबात मधल्या नळीत जाळ असतो आणि भोवती पाणी. थर त्या नळीवर पाण्याच्या बाजूने चढतो. मग जाळाची उष्णता पाण्यात जाण्याऐवजी धुराड्यातून वर निघून जाते. तेवढ्याच पाण्याला जास्त लाकूड लागते. जास्त लाकूड म्हणजे जास्त धूर, आणि तो पहाटे बंब पेटवणाऱ्या बाईच्या छातीत जातो. गॅसच्या गीझरचेही तसेच, फक्त तिथे सिलिंडर लवकर संपतो.

विजेचा साठवणीचा गीझर : आत थर साचला की टाकीत पाणी कमी मावते आणि कॉइल लवकर जाते. दाब वाढल्यावर उघडणारा सुरक्षा व्हॉल्व्हही क्षाराने अडकू शकतो. गीझरमधून खडखड आवाज येऊ लागला, तर वायरमन किंवा मेकॅनिक बोलावून तो उघडून साफ करून घ्यावा.

वॉशिंग मशीन : गार पाण्यावर चालणाऱ्या साध्या मशीनमध्ये दगडाचा थर फार धरत नाही. तिथे त्रास साबणाच्या चोथ्याचा असतो. तो कपड्यांत राहून कपडे कळकट आणि कडक होतात, जाळी तुंबते. वडीच्या साबणाऐवजी पावडर किंवा लिक्विड वापरले तर फरक पडतो. पाणी आत येते त्या पाईपच्या तोंडाची छोटी जाळी महिन्यातून एकदा काढून धुवावी. पाणी गरम करणाऱ्या मशीनला मात्र रॉडसारखाच थर धरतो.

कुकर : तळाला पांढरा थर दिसतो. लिंबाची साल किंवा चिंचेचा बोटूक कुकरच्या तळच्या पाण्यात टाकायची जुनी सवय आहे, ती शास्त्राला धरून आहे. आंबटपणामुळे क्षार भांड्याला चिकटत नाहीत. डाळ मात्र जड पाण्यात खरोखरच उशिरा शिजते, कारण कॅल्शियममुळे डाळीचे दाणे लवकर मऊ पडत नाहीत. डाळ भिजत घालायला आणि शिजवायला नळाचे पाणी वापरा. चिंच, आमसूल, टोमॅटो डाळ शिजल्यावरच घाला. खाण्याचा सोडा टाकून डाळ लवकर शिजते खरी, पण त्याने डाळीतले ब १ जीवनसत्त्व नष्ट होते.

थर काढायचा कसा?

किराणा दुकानात मिळणारे लिंबूसत्त्व यासाठी पुरेसे आहे. एक लिटर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे लिंबूसत्त्व विरघळवा. रॉडचा प्लग काढा, रॉड पूर्ण गार होऊ द्या. मग पाण्याच्या खुणेपर्यंतच तो या द्रावणात अर्धा-पाऊण तास उभा ठेवा. वरचा वायरचा भाग भिजू देऊ नका. बुडबुडे येतील आणि थर सुटू लागेल. मऊ घासणीने पुसा, धुवा, कोरडा करा. सुरीने किंवा दगडाने खरवडू नका, नळीला ओरखडे पडतात. जड पाणी असेल तर महिन्याला एकदा एवढे केले की रॉडचे आयुष्य वाढते. व्हिनेगरनेही हे काम होते.

बंबासाठीही हेच द्रावण किंवा चिंचेचे पाणी चालते, पण ते रात्रभर ठेवू नका. आंबट पाण्यात तांबे उतरते. नंतर बंब दोनदा खळखळून धुवा.

संडास साफ करायचे ॲसिड रॉड, कुकर किंवा बंबाला कधीही लावू नका. ते धातू खाते आणि डोळे-कातडी भाजते. ते ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर चुकून एकत्र झाले तर क्लोरीन वायू निघतो. बंद मोरीत तो जीवघेणा ठरू शकतो.

कपडे धुण्याच्या बादलीत चमचाभर धुण्याचा सोडा आधी विरघळवून दहा मिनिटे थांबले की पाण्याचा जडपणा कमी होतो. हे पाणी फक्त सुती कपड्यांसाठी. लोकर, रेशीम आणि ॲल्युमिनियमची भांडी यांना सोडा लावू नका. तुरटीने गाळ खाली बसतो, पण जडपणा जात नाही. नळाला चुंबक बसवून पाणी हलके होते, या जाहिरातीवर पैसे घालवू नका.

रॉडबाबत तीन नियम घरातल्या पोरांनाही पाठ हवेत. रॉड आधी पाण्यात बुडवायचा, मग बटण चालू. आधी बटण बंद करून प्लग काढायचा, मगच पाण्याला हात लावायचा. लोखंडी किंवा पत्र्याच्या बादलीत रॉड लावायचा नाही. वायरमनला सांगून मीटरजवळ करंट गळताच वीज तोडणारा ट्रिप स्विच बसवून घ्या. आरओच्या आधी खर्च करायचाच असेल, तर यावर करा.

शरीराचे काय?

आता ताईंच्या प्रश्नाकडे येऊ. रॉडवर जमणारा पदार्थ म्हणजे कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. ही दोन्ही खनिजे शरीराला लागतातच. पाण्याच्या कठीणपणासाठी जागतिक आरोग्य संघटनेने आरोग्याच्या कारणावरून कोणतीही मर्यादा घातलेली नाही. जड पाण्याने मुतखडा होतो, हे ठामपणे सिद्ध झालेले नाही. मुतखड्याचे मोठे कारण आहे पाणी कमी पिणे. उन्हातान्हात काम करणारे, सफाईच्या कामावर जाणारे, आणि बाहेर संडासची सोय नाही म्हणून दिवसभर पाणी टाळणाऱ्या आपल्या बाया यांना तो धोका जास्त. जड पाण्याच्या भीतीने पाणी कमी पिणे म्हणजे खड्याला आमंत्रणच.

त्वचेला मात्र त्रास होऊ शकतो. साबणाचा चोथा अंगावर राहिला की कातडी कोरडी पडते, खाज सुटते. लहान मुलांना आणि ज्यांना आधीच इसब आहे त्यांना जास्त. साबण कमी लावा, नीट धुवा, शेवटचे दोन तांबे नळाच्या पाण्याचे घ्या आणि अंग ओले असतानाच खोबरेल लावा.

खरा धोका न दिसणारा आहे

२०१२ मध्ये पंचगंगेच्याच काठावरच्या इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली. लोक दगावले. ती हेपटायटिस ई ची साथ होती. हा विषाणू मैल्याने दूषित झालेल्या पाण्यातून पसरतो. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत हा आजार आईच्या जिवावर बेतू शकतो. हा विषाणू हलक्या, छान फेस येणाऱ्या पाण्यातही असू शकतो. रॉडवर थर नाही म्हणून पाणी सुरक्षित, असे म्हणता येत नाही.

२०१९ च्या ऑगस्टमधला महापूर आपण विसरलेलो नाही. उपसा केंद्रे पाण्याखाली गेली. चहूकडे पाणी आणि नळ कोरडे. त्या दिवसांत मिळेल त्या बोअरचे, मिळेल त्या टँकरचे पाणी प्यावे लागले. पुराचे किंवा गटाराचे पाणी बोअरच्या तोंडातून आत गेले असेल, तर ते पाणी जडही असते आणि दूषितही.

वस्तीत आणखी एक गोष्ट बघावी लागते. बोअर शौचालयाच्या टाकीला किंवा नाल्याला लागून आहे का? तसे असेल तर जंतूंबरोबर नायट्रेटही पाण्यात उतरते. त्याची मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम आहे. बाटलीने दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळाला जास्त नायट्रेट घातक असते, आणि पाणी उकळून ते कमी होत नाही. म्हणून सहा महिन्यांपर्यंत बाळाला फक्त आईचे दूध द्यावे, वरचे पाणीही देऊ नये.

जंतूंवर उपाय स्वस्त आहेत. पिण्याचे पाणी खळखळ उकळून झाकून ठेवा. किंवा क्लोरीनचे थेंब बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात टाकून अर्धा तास थांबा. पाणी गढूळ असेल तर आधी तुरटीने निवळून, गाळून घ्या. पाणी काढायला दांड्याचे ओगराळे ठेवा, हात बुडवू नका. उकळताना भांड्याला पांढरा थर धरला तर घाबरू नका, तो जडपणा खाली बसला. तेवढे पाणी हलकेच झाले.

आरओ घ्यावे का?

आरओने जडपणाही जातो आणि चालू स्थितीत जंतूही अडतात. पण एक लिटर पाणी देताना साधे घरगुती मशीन तीनेक लिटर बाहेर सोडते. पाळीने भरलेल्या हंड्यांतून एवढे पाणी गटारात जाणे किती घरांना परवडते? शिवाय नळाचे पाणी मुळात हलके असेल तर आरओचे काम उरत नाही. ज्या पाण्यात विरघळलेले एकूण क्षार लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी आहेत तिथे आरओवर बंदी घालावी, असे राष्ट्रीय हरित लवादाने मे २०१९ मध्ये सरकारला सांगितले होते. जंतूंची भीती असेल तर उकळणे, क्लोरीन किंवा साधे यूव्ही फिल्टर पुरते.

विक्रेत्यांचा एक खेळ ओळखून ठेवा. ते दोन ग्लासांत वायरीच्या काड्या सोडतात. तुमच्या पाण्याचा रंग काळा-तांबडा होतो, त्यांच्या पाण्याचा होत नाही. "बघा, हे तुम्ही पिता!" ती घाण पाण्यात नव्हती. पाण्यातल्या क्षारांमुळे करंट वाहतो आणि काडीचे लोखंडच गंजून पाण्यात उतरते. आरओच्या पाण्यात क्षार नसल्याने करंट वाहत नाही, म्हणून ते स्वच्छ राहते. त्यांच्या आरओच्या पाण्यात चिमूटभर मीठ टाकून तोच प्रयोग करायला सांगा. तसेच टीडीएस मीटर क्षार मोजतो. त्यात एकही जंतू मोजला जात नाही.

या आठवड्यात काय करावे?

नळाचे पाणी पिणे, स्वयंपाक, रॉड आणि बंब यांसाठी राखा. बोअरचे पाणी फरशी, संडास, भांड्यांची पहिली विसळ यांसाठी वापरा. पिण्याचे पाणी, नळाचे असले तरी, उकळा किंवा क्लोरीनचे करा. रॉडवरचा थर काढा.

दुसरे काम एकट्या घराचे नाही. वस्तीतल्या बोअरचे पाणी सर्वांनी मिळून तपासून घ्यावे. विहारातल्या महिला मंडळाने किंवा तरुण मंडळाने पुढाकार घेतला तर एका घराला एकदा चहा पाजण्याएवढाही खर्च येणार नाही. महापालिकेचा पाणीपुरवठा विभाग, जिल्हा आरोग्य प्रयोगशाळा किंवा भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची प्रयोगशाळा इथे चौकशी करा. नमुना घेण्याची बाटली तिथूनच मागून घ्या, कारण जंतूंच्या तपासणीला निर्जंतुक बाटली लागते. कठीणपणा, नायट्रेट आणि जंतू, या तीन गोष्टी नाव घेऊन तपासायला सांगा. निकाल आला की तो विहाराच्या फलकावर लावा आणि बोअरवर पाटी रंगवा : "पिण्यासाठी" किंवा "फक्त वापरासाठी". पावसाळा संपल्यावर पुन्हा तपासा.

त्या ताईंना आम्ही हेच सांगितले. तिसरा रॉड आणला तर महिन्याला लिंबूसत्त्वात बुडवा. आणि पोटाची काळजी असेल तर आधी हे बघा, की त्या बोअरपासून शौचालयाची टाकी किती पावलांवर आहे.